पथ्य मोडल्यावर काय करावे? : सहाव्या अध्यायाच्या आधाराने एक पाठ



गळ्यात तुळशीची माळ असलेल्या माणसाला नियम ही गोष्ट नवी नाही. एकादशी आहे, नित्याचा हरिपाठ आहे, वारी आहे, मद्यमांस तर वर्ज्यच आहे. म्हणून डॉक्टरांनी किंवा वैद्यांनी एखादे पथ्य सांगितले, साखर बंद करा, मीठ कमी करा, तळलेले सोडा, भात मोजका घ्या, की आपला माळकरी ते मोठ्या निष्ठेने सुरू करतो. सुरू करण्यात आपण कोणाला हार जात नाही. खरी परीक्षा असते ती पथ्य मोडल्यावर. आणि पथ्य कधी ना कधी मोडतेच. म्हणून मोडल्यानंतरच्या त्या घटकेचा विचार या पाठात करू.

आपल्या नागपुरातलेच उदाहरण घेऊ. समजा, महालात राहणारे एक गृहस्थ आहेत. साठी उलटलेली, मधुमेह जडलेला. तीन आठवडे पथ्य कसे अगदी काटेकोर पाळले. मग पोळा आला. घरात पुरण शिजले. पोळ्याच्या दिवशी त्यांनी अर्ध्या पोळीवर निभावले. दुसरे दिवशी मारबत पाहायला पाहुणे आले, संत्रा बर्फीचा डबा उघडला गेला. "घ्या ना जी काकाजी, एकानं काय होते!" एक घेतली. मग दुसरी घेतली. रात्री अंथरुणावर पडल्यावर मनाने निकाल दिला, "मोडलंच ना आता? मोडलं तर मोडलं. सोमवारपासून पाहू." सोमवार येईतो गणपती बसले. मग महालक्ष्म्या आल्या, मग पितृपक्षातली जेवणे आली, मग दसरा, मग दिवाळीचा फराळ. सोमवार काही उगवला नाही.

आता विचारा, काकाजींचे नुकसान कशाने झाले? दोन बर्फ्यांनी? अहो, दोन बर्फ्यांचे नुकसान ते केवढे! दोन महिने खाल्ले ते त्या रात्रीच्या निकालाने. पहिली चूक जिभेची होती, ती घटकाभराची होती. दुसरी चूक मनाची होती आणि ती दिवाळीपर्यंत पुरली. या दोन चुका वेगळ्या ओळखता आल्या की अर्धे काम झाले.

सहावा अध्याय काय सांगतो

भगवद्गीतेचा सहावा अध्याय आपण ध्यानयोगाचा म्हणून ओळखतो. पण त्या अध्यायात जेवणाचाही विचार आहे, आणि पडलेल्या माणसाचाही आहे. दोन्ही एकाच अध्यायात यावेत, हे नीट पाहण्यासारखे आहे.

सोळाव्या आणि सतराव्या श्लोकांत भगवंत सांगतात, की फार खाणाऱ्याला योग साधत नाही, आणि मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही. खाणे, हिंडणे, काम, झोप, जागणे, सगळे बेताचे असावे, मग तो योग दुःख दूर करतो. म्हणजे उपाशी मरणे हा धर्म नव्हे आणि पोट फुटेस्तोवर खाणे हाही नव्हे. बेत साधणे हा धर्म.

पण बेत सुटला तर? सव्विसाव्या श्लोकात त्याचे उत्तर आहे. चंचल मन जिथे जिथे धाव घेईल, तिथून तिथून त्याला परत आणून ठिकाणावर बसवावे. यात भगवंतांनी 'मन धावता कामा नये' असे म्हटलेले नाही. ते धावणार हे गृहीत धरलेले आहे. साधकाचे काम परत आणण्याचे. दहा वेळा गेले तर दहा वेळा आणावे. गुराख्याची गाय दुसऱ्याच्या शेतात शिरली तर तो गाय विकून टाकत नाही, वळवून आणतो.

पुढे अर्जुनाने जी शंका विचारली, ती तर आपल्या काकाजींचीच शंका आहे. श्रद्धा आहे, पण प्रयत्न अपुरा पडला, मन ढळले, अशा माणसाचे काय होते? फाटून विरलेल्या ढगासारखा तो इकडचाही नाही नि तिकडचाही नाही, असा नाश पावतो काय? चाळिसाव्या श्लोकात भगवंत उत्तर देतात, आणि उत्तरात 'बा' म्हणून हाक मारावी तशी मायेची हाक आहे. चांगले करू पाहणारा कोणीही दुर्गतीला जात नाही, असे ते सांगतात. आणि त्रेचाळिसाव्या श्लोकात म्हणतात, की पूर्वी जेवढे साधले होते तेवढे त्याला परत मिळते आणि तिथून पुढे तो पुन्हा प्रयत्न करतो.

'तिथून पुढे' हे ध्यानी घ्यावे. आरंभापासून नव्हे. जन्म बदलला तरी केलेली कमाई बुडत नाही असे जिथे सांगितले आहे, तिथे एका बर्फीने तीन आठवड्यांची कमाई कशी बुडेल? माउलींनी या अध्यायावर विस्ताराने निरूपण केले आहे. ज्याने त्याने आपल्या पोथीत हा भाग उघडून सावकाश वाचावा.

वाटेवरचा दृष्टान्त

पोथीतली गोष्ट पायांना लवकर कळते, म्हणून वाटेवरचा दृष्टान्त घेऊ. माउलींची पालखी आळंदीहून निघते आणि सुमारे अडीचशे किलोमीटर चालून पंढरीला पोचते. पुण्याहून सासवडचा टप्पा मोठा, मध्ये दिवे घाट, आणि त्या दिवशी बहुधा एकादशी. समजा एक वारकरी घाटात मागे पडला. पायाला फोड आला, बसला बिचारा दगडावर. दिंडी पुढे निघून गेली.

आता तो तीन गोष्टी करू शकतो. 'माझी वारी मोडली' म्हणून घरची गाडी धरू शकतो. किंवा स्वतःवर चिडून फोड आलेल्या पायांनी धावत सुटू शकतो, म्हणजे दुसरे दिवशी मुळीच चालता येऊ नये. किंवा फोडाला पट्टी बांधून, आपल्या चालीने चालत, रात्री सासवडच्या मुक्कामी आपल्या दिंडीत जाऊन मिळू शकतो. जुना वारकरी तिसरी गोष्ट करतो. पुन्हा आळंदीला जाऊन पहिल्यापासून चालायला लागा, असे त्याला कोणी सांगत नाही.

पथ्यातही हेच तीन रस्ते आहेत. 'मोडले ते मोडले' म्हणून सगळे सोडणारा घरी परतला. आणि काल जास्त खाल्ले म्हणून आज दिवसभर कोरडा उपास करणारा फोडांवर धावला. संध्याकाळी त्याची भूक दुप्पट होते, आणि मग जे होते ते सांगायला नको. सुज्ञाने पुढचा मुक्काम गाठावा. पथ्याचा पुढचा मुक्काम म्हणजे सोमवार नव्हे, पुढची एकादशी नव्हे, नवे वर्ष तर नव्हेच. पुढचे जेवण हाच पुढचा मुक्काम.

आणि 'वारी' या शब्दाकडेच पाहा ना. एकदा जाऊन आला तो यात्रेकरू. पुन्हा पुन्हा जातो तो वारकरी. पेरणी लांबली, घरात आजारपण आले, एखादे वर्ष पंढरी चुकली, म्हणून कोणी माळ उतरवून खुंटीला टांगत नाही. आपल्याकडचे कित्येक जण अशा वर्षी आषाढात कळमेश्वर तालुक्यातले धापेवाडा गाठतात, विदर्भाची पंढरी म्हणून तिथल्या विठ्ठलाचे दर्शन घेतात, आणि पुढल्या वर्षी पुन्हा भीमेची वाट धरतात.

एका थोर पुरुषाचे उदाहरण

कोणी म्हणेल, या सामान्यांच्या गोष्टी झाल्या, मोठ्यांचे नियम असे मोडत नाहीत. तर महात्मा गांधींचेच उदाहरण पाहू. नागपूरहून पाऊणशे किलोमीटरवर वर्धा, आणि वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला ते १९३६ पासून राहिले. त्यांच्या आहारनियमांची कडक शिस्त आपल्या भागातल्या लोकांनी डोळ्यांनी पाहिली. पण त्यांनी स्वतःच आपल्या आत्मकथेत लिहून ठेवलेली १९१८ सालची हकीकत अशी आहे.

साबरमतीच्या आश्रमात ते आमांशाने आजारी होते. लंघनाने थोडा उतार पडत होता. सणाचा दिवस होता. दुपारी काही घ्यायचे नाही असे ते कस्तुरबांना सांगून चुकले होते. पण बांनी गव्हाची गोड लापशी केली होती, आणि ते दूधतूप घेत नसत म्हणून ती मुद्दाम तेलात केली होती. सोबत वाटीभर मूग. आवडीचा पदार्थ, समोर मायेने वाढलेला. बांचे मन राखण्यापुरते थोडे घेऊ म्हणून बसले, आणि पोटभर जेवून उठले. तासाभरात दुखणे उलटले, आणि महिनोन्महिने अंथरूण धरावे लागले. मरण जवळ आले असेही त्यांना वाटले.

पुढे डॉक्टरांनी सांगितले, दूध घेतल्याशिवाय शरीर भरून येणार नाही. दूध न घेण्याचे व्रत त्यांनी १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत घेतलेले. कस्तुरबा जवळच उभ्या होत्या. त्यांनी सुचवले, मग शेळीच्या दुधाला काय हरकत? आणि गांधींनी ते घेतले. व्रत घेताना मनात गायी-म्हशीचेच दूध होते, म्हणून अक्षरशः व्रत मोडले नाही. पण त्याचा आत्मा गेला, असे त्यांनी स्वतःच लिहिले आहे, आणि त्याचा सल मनात राहिल्याचेही लिहिले आहे.

यात शिकण्यासारखे काय? चूक झाली ती त्यांनी झाकली नाही. तिला गोंडस नावही दिले नाही. पण एक नियम ढळला म्हणून बाकीचे सोडून दिले, असे मात्र केले नाही. १९१५ साली हरिद्वारच्या कुंभमेळ्यात त्यांनी नेम धरला होता, की दिवसात पाचांहून अधिक पदार्थ घ्यायचे नाहीत आणि अंधार पडल्यावर जेवायचे नाही. ते नेम पुढेही चालूच राहिले. आणि १९३० साली, वयाच्या साठीत, हाच पुरुष साबरमतीहून दांडीपर्यंत सुमारे ३८५ किलोमीटर पायी चालला. लापशीच्या त्या वाटीपाशी बसून 'माझ्याच्याने होत नाही' असे त्यांनी ठरवले असते तर?

आजच्या शास्त्राची साक्ष

संतांनी अनुभवाने सांगितलेली गोष्ट प्रयोगाने पाहण्याचा यत्न अलीकडच्या शास्त्रज्ञांनी केला आहे. १९७५ साली हर्मन आणि मॅक या संशोधकांनी अमेरिकेत एक प्रयोग केला. काही विद्यार्थिनींना आधी दुधाचे गोड घट्ट पेय दिले आणि मग चव पाहण्याच्या निमित्ताने आइस्क्रीम हवे तितके खायला दिले. ज्या एरवी खाण्यावर बंधन ठेवीत नसत, त्यांनी पेय प्याल्यावर आइस्क्रीम कमी खाल्ले. पोट भरले होते, सरळ गोष्ट. पण ज्या एरवी बंधन पाळीत, त्यांनी पेय प्याल्यावर उलट जास्त खाल्ले! नियम एकदा मोडला की 'आता राहिलेच काय' हा विचार पोटाच्या भुकेहून बळकट ठरला.

२००७ साली अ‍ॅडम्स आणि लिअरी या दोघांनी याच्या पुढची गोष्ट पाहिली. तळलेला गोड पदार्थ खाल्ल्यावर काही जणींना सांगितले, की स्वतःला फार बोल लावू नका, असे सगळेच जण कधी ना कधी खातात. बाकीच्यांना काही सांगितले नाही. नंतर गोळ्या-मिठाई पुढे ठेवली. पथ्य पाळणाऱ्यांपैकी ज्यांनी समजुतीचे शब्द ऐकले होते त्यांनी कमी खाल्ले.

आणि लंडनमध्ये ९६ जणांवर झालेले, २०१० साली प्रसिद्ध झालेले एक संशोधन आहे. नवी सवय अंगी मुरायला सरासरी ६६ दिवस लागले, कोणाला १८ पुरले, तर कोणाच्या बाबतीत हिशेब २५४ दिवसांपर्यंत गेला. मधे एखाद दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. म्हणून महिन्याभरात पथ्य अंगवळणी पडले नाही तर निराश होऊ नये. पाणी मुरायला वेळ लागतो.

शंका आणि समाधान

शंका : अशी सवलत दिली तर माणूस सैल होईल. 'चुकले तरी चालते' म्हणून रोज बर्फी खाईल.

समाधान : चुकले तरी चालते, असे येथे म्हटलेले नाही. चुकल्यावर चालत राहावे, असे म्हटले आहे. पश्चात्ताप असावा, पण तो वळवणारा असावा, बसवून ठेवणारा नसावा. कीर्तनात ताल चुकलेला टाळकरी टाळ खाली टाकत नाही आणि चुकीच्या तालावर वाजवीतही राहत नाही. पुढची सम पाहून तिथे येतो.

शंका : आपलेच मन आपल्याला फसवते, त्याचे काय?

समाधान : याच अध्यायाच्या पाचव्या श्लोकात म्हटले आहे, की आपणच आपला मित्र आणि आपणच आपला शत्रू. मित्र चूक दाखवतो आणि हात देतो. शत्रू चूक दाखवून ढकलून देतो. रात्री मनात येणारा आवाज यांपैकी कोणाचा, हे ओळखायला शिकावे.

शंका : दर वर्षी ठरवतो, दर वर्षी मोडते. मग पुन्हा ठरवण्यात अर्थ काय?

समाधान : एकोणिसाव्या शतकापासून आपले नागपूर काळी आणि पिवळी मारबत काढते, रोगराई शहराबाहेर घालवते. दर वर्षी काढावी लागते. मागल्या वर्षी घालवली तरी आलीच, आता मारबत कशाला, असे अजून कोणी म्हटलेले नाही. घर एकदा झाडले म्हणून झाडू कोणी फेकून देते काय?

आचरणासाठी

आता नुसते ऐकून उपयोग नाही. पथ्य मोडले त्या दिवशी काय करावे, ते थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट. जे खाल्ले ते जसेच्या तसे बोलावे. 'दोन बर्फ्या खाल्ल्या' एवढेच. 'मी असाच नालायक, मला जमतच नाही' हे त्याला जोडू नये. जमल्यास वहीत लिहावे. महिन्यात दिवसाची तीन प्रमाणे नव्वद जेवणे होतात. त्यांत सहा चुकली तर चौऱ्याऐंशी साधली. वहीत दोन्ही आकडे असावेत.

दुसरी गोष्ट. पुढचे जेवण ठरल्या वेळी, ठरल्या मापाने घ्यावे. वगळू नये, अर्धे करू नये. दुसरे दिवशी काट्यावर वजन किलोभर जास्त दिसले तर घाबरू नये. एका दिवसाच्या खाण्याने तेवढी चरबी चढत नाही, खारट-गोड खाण्याने अंगात धरलेले पाणीच त्यात बरेच असते.

तिसरी गोष्ट. औषधाचा डोस आपल्या मनाने वाढवू नये, चुकवू नये. गोड खाल्ले म्हणून दोन गोळ्या घेणारे लोक आहेत. हे धोक्याचे आहे.

चौथी गोष्ट. चुकण्याची जागा शोधावी. भूक लागून चुकलो, आग्रहाने चुकलो, की रिकामपणाने? सकाळी उपाशी पोटी बाहेर पडले की तर्री-पोह्याच्या गाडीपाशी पाय थांबतोच. मग घरून काही खाऊन निघावे. बोल लावण्यापेक्षा वाट बदलणे सोपे.

पाचवी गोष्ट प्रसादाची. प्रसाद नाकारू नये, हे खरे. पण एक कण हाही प्रसादच आहे. काल्याची चिमूट कपाळी लावून मुखात घातली की प्रसाद पावला. वाटी भरून घेतला म्हणजे जास्त पावत नाही. जास्त घेतो ती जीभ, नाव मात्र देवाचे.

सहावी गोष्ट घरच्यांसाठी. आग्रह करू नका, टोमणेही मारू नका. "खाल्लं ना पुन्हा?" असे सर्वांसमोर म्हटले, की माणूस लपून खायला शिकतो. सूनबाईने किंवा घरधनिणीने पुढचे पान नेहमीसारखे वाढावे, बस्स. आणि पथ्याचा स्वयंपाक तीच माउली रोज वेगळा रांधते, याची जाण पथ्यकऱ्याने ठेवावी.

एकादशी आणि औषध

शेवटी एक महत्त्वाची गोष्ट. वर्षात चोवीस, अधिक मासाच्या वर्षी सव्वीस एकादशा. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण आपणच आपल्यासाठी केली. मधुमेहाच्या माणसाने साबुदाण्याची खिचडी पोटभर खाल्ली तर ती जवळजवळ निव्वळ पिष्टच असते, साखर चढणारच. त्यापेक्षा थोडी भगर, दही, मूठभर शेंगदाणे बरे. मात्र इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय निरंकार उपास करू नये. उपासात हात कापू लागले, दरदरून घाम आला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर साखर फार उतरली असे समजून तत्काळ तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यातून घ्यावी, आणि लगेच घरच्यांना सांगावे. तिथे व्रताचा विचार करीत बसू नये.

कोणाला पाप वाटेल, म्हणून सांगतो. आपल्या धर्मशास्त्रात जुने वचन आहे, त्यात आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही असे म्हटले आहे. पाणी, कंदमुळे, फळे, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूची आज्ञा, आणि आठवे औषध. शास्त्रकारांनी औषधाला आधीच वाट ठेवली आहे. ज्या विठ्ठलाने भक्ताने फेकलेल्या विटेवर उभे राहून युगे घालवली, तो चार चमचे साखरेसाठी रुसेल काय?

तात्पर्य, पथ्य मोडू नये म्हणून जपावे. मोडले तर कबूल करावे, आणि पुढच्या पानावर नेहमीसारखे बसावे. आज दुपारी चुकले असेल, तर संध्याकाळचा हरिपाठ अजून व्हायचा आहे आणि रात्रीची भाकरीही अजून व्हायची आहे. तिथूनच धरावे.

रामकृष्णहरि.